आईचे अकरा फोटो

फिल्मचा कॅमेरा घेतला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकाऊ लोकांसाठी विकतात तो, प्लॅस्टिकचा, खेळण्यासारखा हलका. रीळ भरायचं, फोटो काढायचा, मग अंगठ्यानं चाक फिरवून फिल्म पुढे सरकवायची. एका रिळात छत्तीस फोटो. बनारसमध्ये रीळ धुऊन देणारं कुणी उरलेलं नाही, हे मला रीळ भरल्यावर कळलं. एका जुन्या स्टुडिओवाल्यानं "अब कौन धोता है, मैडम," म्हणून वाटेला लावलं. म्हणजे रीळ संपेपर्यंत थांबायचं, मग दिल्लीला पाठवायचं. थांबणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

पहिले नऊ फोटो असेच उडवले. रामनगरचा पूल, दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवरच्या शेळ्या, एक माझ्याच अंगठ्याचा. मग आईनं तो कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

आईचा धड फोटो आमच्या घरात नव्हताच. मोबाईल समोर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची. "लगेच सगळ्यांना भेजतेस तू," म्हणायची, आणि ते खरं होतं. त्या वर्षी तिचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. मला तिचा एक तरी फोटो हवा होता. दुसरं काही हातात राहिलंच नव्हतं.

"यात कुणाला लगेच दिसत नाही ना?" तिनं विचारलं.

"मलासुद्धा नाही. धुऊन आल्यावरच."

"मग काढ."

तीन दिवस, सकाळच्या उन्हात, गच्चीवर मी तिचे अकरा फोटो काढले. तांदूळ निवडताना, वेणी घालताना, माझ्यावर वैतागताना. एकदा तर ती चक्क कॅमेऱ्याकडे बघून हसली. मग मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, शिवणयंत्र आणि बाबांच्या पोथ्या; बाबा दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करतात, त्यांचं हत्यार तेच. मी दिवसभर शाळेत होते, तिथं शिकवते. संध्याकाळी घरी आले तर कपाटातला कॅमेरा देवापुढे, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मला फार बरं वाटलं. किती फोटो झाले ते दाखवणारी बारकी खिडकी मात्र शून्यावर आली होती. स्वस्तातला माल, बिघडला असेल, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्यानंतर दीड महिना आई होती. दीड महिना! मी तिचा एकही फोटो काढला नाही. आईचे झालेत, असं म्हणत उरलेलं रीळ कार्तिकी पौर्णिमेला घाटांवर लागणाऱ्या देवदिवाळीच्या दिव्यांवर उधळलं, ज्यांचे फोटो सगळं जग काढतं. देवदिवाळीनंतर आठव्या दिवशी आई गेली.

दिवसवार आटोपल्यावर मी रीळ गुंडाळून घेतलं आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि कोपऱ्यात दोन अक्षता अडकल्या होत्या.

"बाबा, हा कुणी उघडला होता?"

"तिनंच. खंडेनवमीला. दिवसभर उघडाच होता पूजेत, तू यायच्या आधी मिटला तिनं," बाबा म्हणाले. "पोथी सोडून ठेवतो, मशीन खोलून ठेवतो, तसंच. बंद वस्तूची कसली पूजा गं?" मला आनंद होईल असं त्यांना वाटत होतं. "आतून पूजा केलीय तिनं. बघ, एक नंबर येतील फोटो."

उजेड लागलेल्या फिल्मचं काय होतं, आणि झाकण उघडलं की खिडकीतला आकडा शून्यावर येतो, हे तोवर मला कळलं होतं. तरी रीळ पाठवलं. दिल्लीहून फोटो आले. नंतर काढलेले दिवे स्वच्छ, ती फिल्म तेव्हा डबीतच होती. पूल कडेनं जळालेला, पण ओळखू येत होता, कारण सुरुवातीचा म्हणून तो अगदी आतल्या वेढ्यात होता. आईचे फोटो वरच्या वेढ्यांत होते. अकराच्या अकरा पांढरे. मी एकेक मोठा करून पाहिला, कुठे नाकाची रेघ तरी सापडेल म्हणून.

हे तिच्या हातून झालं, एवढं बाबांना कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. "चाक चुकीचं फिरवलं मी. रीळ फुकट गेलं," म्हणून सांगितलं.

"किती हौसेनं बसली होती ती," बाबा म्हणाले. "तुला एवढंही सांभाळता आलं नाही?"

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी ऐकून घेते. ते शून्य पाहूनही मी दुर्लक्ष केलं, तेव्हा फार काही खोटं बोलले नाही.

भिंतीवर आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ती कुणीही असू शकते. हनुवटीवरचा तीळसुद्धा उमटलेला नाही. परवा जेवताना मला एकदम आठवेना, तो कुठल्या बाजूला होता. घाबरून बाबांना विचारलं.

"उजवीकडे," ते लगेच म्हणाले. मग त्यांचा घास हातातच राहिला. "थांब. माझ्या उजवीकडे, की तिच्या?"