अक्काची सून आणि पिवळी गोळी

उपकेंद्रात नर्स म्हणून राहिलं की पगार बँकेत जातो आणि किस्से पदरात पडतात. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "ताई, गोळीचं सांग." मग सांगावंच लागतं.

*

आमच्याकडे दिवस गेले की तीन महिने कोणाला सांगायचं नाही. नजर लागते! इकडे बाळाच्या पाठीचा कणा पहिल्याच महिन्यात जुळून येतो. त्यासाठी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी दिवस जाण्याआधीपासून सुरू हवी. आणि बाया माझ्याकडे येणार चौथ्या महिन्यात, पदराखाली पोट झाकून. एकीला विचारलं, आधी का नाही आलीस? तर म्हणे, आधी आले असते तर तुम्हाला कळलं असतं ना!

*

सुनंदाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं पहिलं बाळ पाठीचा कणा उघडा असलेलं जन्मलं आणि गेलं. सासूने, गंगूअक्काने, निकाल लावून टाकला, "हिन्हा माहेरनं रगतच तसं शे." पुन्हा असं झालं तर सुनेला माहेरी धाडणार, हेही गल्लीला ऐकवलं. मला भयंकर राग आला.

मी अक्काला, तिच्या मुलाला आणि सुनंदाला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, की यात आईकडचं असतं तसं बापाकडचंही असतं, आणि घराण्यात काही नसतानाही असं होतं. सुनंदाला मोठ्या डोसची गोळी आत्तापासूनच लागेल. धोका पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. परतीच्या जीपमध्ये अक्का सारखी मुलाकडेच बघत होती.

*

घरी येऊन तिने पुन्हा फाटे फोडले. पोटात काही नसताना औषध कसलं? तिचे यजमान, आबा, घरात सहसा तोंड उघडत नाहीत. ते ओट्यावरूनच म्हणाले, "हरभराले दवा आपण पेराना पहिले चोळतस, का उगी उना मंग?" बियाण्याला औषध उगवल्यावर नाही, आधीच लागतं!

अक्का उठली आणि पाण्याचा तांब्या सुनेपुढे ठेवून गेली.

*

मग नवीनच भानगड. सून रोज गोळी घेते, हे गल्लीत फुटलं आणि बायांनी तिला दिवस गेल्याचं ठरवूनच टाकलं. कोणी चिंचा आणल्या, कोणी कैरीचं लोणचं. गेलेले दिवस लपवायची रीत अक्काला पाठ होती, न गेलेले कसे सांगायचे हे तिला कळेना! शेवटी आठवडी बाजारात सगळ्यांदेखत तिने सांगून टाकलं, की सुनेला अजून काही नाही, गोळी आधीच घ्यायची असते, तुमच्याही सुना सिस्टरकडे धाडा. त्यानंतर माझ्या दारात नव्या सुनांची रांग लागली.

*

पुढे सुनंदाला खरंच दिवस गेले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कणा नीट दिसला, तरी बाळंत होईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. साक्रीच्या दवाखान्यात बाळ झालं. दुपट्यात गुंडाळून मी ते अक्काच्या हातात दिलं. तिने तोंड पाहिलंच नाही. बाळ पालथं केलं, मानेपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग तिच्या डोळ्यांना धार लागली, माझ्याही.

घरी आल्यावर शेजारणीने दारातूनच विचारलं, मुलगा की मुलगी?

अक्काने बाळाचं अंगडं वर केलं. "ते मंग सांगसू. पहिले पाठ दख."