दत्तोबा परीक्षेला बसतो

आम्ही पेन्शनर शिपाई संध्याकाळी पोलीस लाइनीच्या कट्ट्यावर बसलो की पकडलेले चोर कुणाला आठवत नाहीत, फजित्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ! त्यातल्या निम्म्या तरी त्या ट्रेनिंगच्या.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सोलापुरात नवे साहेब आले, पुण्याचे, भरपूर शिकलेले. "शिपाई सुधारला पाहिजे!" म्हणाले, आणि आम्हा जुन्या शिपायांचा क्लास सुरू झाला. नापास होईल त्याची नोकरी खलास! आमचा मंगळवेढ्याचा दत्तोबा पेन्शनीला टेकलेला. तो हबकलाच.

"आता घरी काय तोंड दावू रं?" म्हणायचा. आम्हालाही वाईट वाटायचं.

*

फर्स्ट एडचा तास. साहेब स्वतःच आडवे झाले. "माझा पाय मोडलाय, बांधा!"

दत्तोबानं आपल्या पोटऱ्यांना गुंडाळलेल्या, युनिफॉर्मच्या लांब पट्ट्या सोडल्या आणि साहेबांना कमरेपर्यंत गुंडाळलं. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. आम्ही जेवून आलो, तर साहेब तिथंच!

*

मग सभ्यतेचा धडा. अरे-तुरे नाही, अंगाला हात नाही. दुसऱ्याच दिवशी बाजारात एक जण कोंबडी घेऊन पळाला. दत्तोबा मागून ओरडला, "अवो चोरसाहेब, थांबा की जरा!"

तो खरंच थांबला. पोलिसानं त्याला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं!

*

एकदा साहेब म्हणाले, "पक्की खात्री असल्याशिवाय कुणालाही ओळखायचं नाही. समोर कोणी का असेना!"

हा धडा आम्हाला फार आवडला.

*

परीक्षेला साहेब धोतर-मुंडासं घालून संशयित झाले. दत्तोबानं त्यांना पाणी दिलं, नाव विचारलं. साहेब मुद्दाम गप्प.

"मग नाव सांगंपतुर आत बसा की, राव. सावली हाय." बोटही न लावता त्यानं साहेबांना कोठडीत नेलं आणि कुलूप घातलं.

"अरे, परीक्षा संपली! मी तुझा साहेब!"

"समदे तसंच म्हणत्यात. वळखणारा आणा."

साहेबांनी आम्हाला हाका मारल्या. आम्ही गजांपुढं ओळीनं उभे राहिलो. दत्तोबा किल्ली धरून आमच्या तोंडाकडं बघत होता.

"खात्री न्हाय बा," पहिला म्हणाला.

"मुंडासं वळखीचं न्हाय," दुसरा.

मी म्हणालो, "आदी दत्तोबाचा निकाल सांगा, मग नीट बगतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

"पास!"

आम्ही सगळ्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.