हिंगाचा डबा कुठाय?

पोलीस चौकीच्या मागच्या खिडकीखाली बसलेल्या बायकांपैकी एकीने मान वर करून मोठ्याने विचारलं, "अगं, तुझा हिंगाचा डबा कुठाय?" आतून उत्तर यायच्या आधीच मी म्हणालो, "हिंग ना? आमच्याकडे आहे की! जाताना घेऊन जा."

मेथी निवडणारे सगळे हात थांबले. माझी बायकोही त्यांच्यातच बसलेली. लग्नात मी अंतरपाटावरून डोकावलो होतो, तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे इतक्या वाईट नजरेने बघितलं नव्हतं.

"आपल्याकडचा हिंग संपून महिना झाला," ती म्हणाली. "आणि तुम्हाला विचारलंय कोणी?"

विचारलं होतं ते खिडकीच्या आत बसवून ठेवलेल्या वहिनीला.

आम्ही तेव्हा ठाण्याजवळ दिव्याला चाळीत राहायचो. वहिनी आमच्या समोरच्या खोलीत. तिचा नवरा टेम्पो घेऊन सुरतेकडे गेला की चार-चार दिवस यायचा नाही. ती एका मोठ्या सोसायटीत पोळ्या करायची. त्यातल्या एका घरातली सोन्याची बांगडी सापडेना. दुपारी पोळ्या आटपून वहिनी खाली उतरली, तर गेटवरूनच तिला चौकीत नेलं. "दोन प्रश्न विचारायचेत फक्त," म्हणे.

संध्याकाळी चाळीत पाणी आलं आणि रांगेत तिचा हंडा दिसेना. त्यावरूनच बायकांना शंका आली. त्याच सोसायटीत भांडी घासणारी एक जण ओळखीची होती, तिला फोन लावला, तेव्हा सगळं कळलं. मग त्या नळ तसाच सोडून निघाल्या. दिव्यात आलेलं पाणी सोडून बायका निघाल्या म्हणजे प्रकरण काय असेल, हे त्या बाजूला राहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

पुढारी आमच्या आक्का. शेवटच्या खोलीत राहायच्या, विहारातल्या महिला मंडळाचं सगळं त्याच बघायच्या, आणि चाळीत कोणाचंही भांडण त्यांच्या दारात जाऊन मिटायचं. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही शिकलेले. चला बरोबर." मी शर्ट बदलून निघालो. वाटेत आक्कांनी रिक्षा थांबवली आणि मेथीच्या जुड्या घेतल्या. एक बाई चौकीत अडकलीय आणि यांना भाजी सुचतेय, असं माझ्या मनात आलं. मनातच ठेवलं, हे नशीब.

चौकीत मी आधी समोरच्या दारातून गेलो. बाईमाणसाला चौकशीसाठी चौकीत बोलवायचं नसतं, घरी जाऊन विचारायचं असतं, बरोबर महिला पोलीस लागते, सूर्य मावळल्यावर तर अटकही करायची नसते, एवढं मी पेपरात वाचलेलं. ते सगळं मी अगदी शुद्ध भाषेत मांडलं. टेबलामागचा हवालदार शेवटपर्यंत ऐकत होता.

"वकील आहात का?"

"नाही. औषध कंपनीत आहे. स्टोअरला."

"मग बसा. अटक कुठे केलीय? नुसतं बसवलंय."

मी बसलो. शेजारी एक माणूस चोरीला गेलेल्या बाइकची तक्रार द्यायला आलेला. तो हळूच म्हणाला, "मस्त बोलता तुम्ही. माझं पण जरा सांगा ना."

मी उठून मागच्या बाजूला गेलो आणि हिंगाचा घोळ घालून बसलो.

बायकोने मला जवळ ओढलं. "उत्तर तिचं तिनेच द्यायचं असतं. तिचा आवाज येतोय तोवर तिला कोणी हात लावलेला नाही. आता गप्प बसा, आणि ही जुडी घ्या."

मग मला समजलं. एक जण विचारायची, "तुझ्या पोरीला भात लावू का पोळ्या ठेवू?" आतून वहिनी म्हणायची, "भात लाव, पोळ्या नाही खात ती." मग दुसरी, "गॅसचा खटका नीट लागत नाही तुझा, कसा लावायचा?" "उजवीकडे दाब आणि मग फिरव." मध्येच एक पोलीस खिडकीत येऊन ओरडला, "ए, बाजार भरलाय का इथे?" आक्का खाली बघूनच म्हणाल्या, "भाजी निवडतोय, दादा. तिला सोडा, आम्ही निघालो."

तो आत गेला. आक्का मला म्हणाल्या, "रिकामी बसलेली बाई यांना खुपते. भाजी निवडणारी दिसतच नाही." ही रीत त्या कुठे शिकल्या, ते विचारायचं राहून गेलं. आता विचारायला त्या नाहीत.

ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं. कोणीतरी विचारलं, "तुझी डाळ संपलीय का गं?"

उत्तर आलं नाही.

"अगं, डाळ संपलीय का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुन्हा काही नाही. सगळ्या एकदम उभ्या राहिल्या, मांडीवरची मेथी खाली सांडली. आक्का दाराकडे धावल्या. मला काय सुचलं देव जाणे, मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले आणि चौकी हादरेल असा ओरडलो, "वहिनी! हिंग कुठाय?"

उत्तराची वाट बघताना मेथीचा वास मला पहिल्यांदाच नकोसा झाला.

मग बारीक, कापरा आवाज आला. "फळीवर... पिठाच्या डब्यामागे."

मी पुढच्या दाराशी पोचलो तोवर आक्का आणि चार जणी हवालदाराच्या टेबलाभोवती उभ्या होत्या. बाइकवाला माणूसही त्यांच्या बाजूने बोलायला लागलेला. त्या गलक्यातच मोठ्या पोलीस ठाण्यातून एक महिला पोलीस आली. तरुण होती, दमलेली होती. तिने बाहेर बघितलं, दिवस बुडाला होता. आत जाऊन काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण वहिनीला घेऊनच बाहेर आली. "घरी जा. उद्या मी येईन, घरीच विचारीन."

वहिनी चालत आली, हसायचा प्रयत्न करत. तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, उजव्या हातात एकही नव्हती, मनगटावर ओरखडे. "टेबलाला लागून फुटल्या," ती म्हणाली. माझ्या बायकोने स्वतःचा पदर ओला करून तिचं मनगट पुसलं. आक्का मात्र त्या महिला पोलिसाकडे वळल्या. "बाई, उद्या याल तेव्हा आधी ह्या बांगड्यांचं लिहून घ्या. सोन्याच्या बांगडीचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. वहिनीच्या खोलीत चटईवर बसली, भोवती चाळीतल्या सगळ्या बायका. तिने बांगड्यांचं आधी लिहिलं, वहिनीला सरकारी दवाखान्यातही नेलं. सोन्याच्या बांगडीचं पुढे काय झालं, कधीच कळलं नाही. त्यानंतर विचारायला कोणी आलं नाही.

आता आम्ही बाळकुमला, विसाव्या मजल्यावर. पाणी दिवसभर असतं, म्हणून कोणाचा हंडा रांगेत नाही हे कोणाला दिसत नाही. शेजारच्या दारामागे कोण राहतं ते मला चपलांवरून माहीत आहे. अधूनमधून मला तो मेथीचा ढीग आठवतो, आणि खिडकीकडे वर केलेल्या त्या सगळ्या माना. अशा बायकांच्या शेजारात आपण राहिलो, याचं फार बरं वाटतं.

त्या संध्याकाळी रिक्षातून घरी येताना मी जरा फुशारकीतच होतो. "शेवटी माझ्याच हाकेला ओ दिली की नाही तिने?" मी बायकोला म्हणालो.

ती मांडीवरची उरलेली मेथी पिशवीत भरत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला तुमचीच काळजी वाटते. उद्या तुम्हाला आत बसवलं, तर मी खिडकीखाली बसून विचारू काय? तुम्हाला आपल्या घरातला मिठाचा डबासुद्धा माहीत नाही."