लंगड्या आला का

गेल्या साली भादव्यात मी बायकोशी खोटं बोललो. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

ती अंथरुणाला खिळली होती. आम्ही भाईंदर पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि तिला जिना उतरवणं आता होणार नव्हतं. तिचं माहेर जवळचंच राई गाव. खाडीकाठी वाढलेली बाई. गणपती गेले की थंड मुलखातले पक्षी खाडीत उतरतात. ते बघायला ती दर साली माहेरच्या बांधावर जायची. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण तिने एक साल चुकवलं नाही. मी कधी गेलो नाही. मी म्हणायचो, "पक्षी काय बघायचे? गच्चीवर कावळे आहेत की."

त्या पक्ष्यांत एक तिचा खास होता. कोंबडीएवढा, मातकट रंगाचा, चोच वीतभर लांब आणि विळ्यासारखी खाली वाकलेली. कॅमेरे घेऊन येणारे लोक त्या जातीला कर्ल्यू म्हणतात. तसले पुष्कळ येतात. पण ह्याला एकच पाय होता. दुसरा अर्ध्यातून गेलेला. जाळ्याच्या नायलॉनने कापला असेल, असं ती म्हणायची. चिखलात तो उड्या मारत चालायचा, म्हणून तिने त्याला नाव ठेवलं लंगड्या. चार-पाच सालं तो येत होता. घरी आली की चपला काढायच्या आधी सांगायची, "आला बाबा लंगड्या." जसा काय घरचाच कोणी गावाहून आला.

तर गेल्या साली ती म्हणाली, "अवो, तुम्ही तरी जाऊन बघा. आलाय का न्हाय, तेवढंच बघा."

मी रिक्षाने राईच्या नाक्यावर उतरलो. तिथे चहाची टपरी आहे. बसलो. टपरीवाल्याने विचारलं, तर बायको आजारी आहे म्हणालो. दोन चहा, एक खारी. खाडी तिथून चालत दहा मिनिटं. पण गुडघा दुखत होता, पुढे चिखल होता, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढाच एक तास मला कोणी हाक मारत नव्हतं. आठ महिने गोळ्या, पेज, कूस बदलणं, चादर बदलणं चाललं होतं. मी बाकड्यावरून उठलोच नाही. घरी जाऊन सांगितलं, नाही आला. दुसऱ्या दिवशीही तेच. चहा, खारी, नाही आला.

तिसऱ्या दिवशी टपरीवरूनच परत आलो तर तिने विचारलंच नाही. "मेला असंल," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मेला कशाला? आला ना."

तिने मान वळवली. "खरं?"

"खरं."

"उड्या मारत व्हता?"

"मग काय, पाय उगवणार आहे होय त्याला?"

हसली. त्या दिवशी चार चमचे पेज जास्त गेली.

पौषात ती गेली. जाईपर्यंत भेटायला येईल त्याला सांगत होती, "आमच्या ह्यांनी लंगड्या बघितला. कधी न्हाय ते खाडीवर गेले माझ्यासाठी." मी तिथेच बसलेला असायचो. मान खाली.

लोक म्हणाले, तू खूप केलंस बायकोचं. केलं. नाही म्हणत नाही. पण रात्रंदिवस केलेलं एका बाजूला आणि ती टपरी एका बाजूला. तो पक्षी खरोखर मेला असेल, तर मी तिला मेलेला जिवंत म्हणून सांगितला होता, आणि ती ते घेऊन गेली. मग मला एक सुचलं. लंगड्या ह्या साली आला, तर तो गेल्या साली जिवंत होता. जिवंत होता तर आलाही असणार. म्हणजे तिला सांगितलेली खबर तरी खोटी नव्हती. मी पाहिलं नव्हतं, एवढंच खोटं. ते माझं मी बघून घेईन.

म्हणून ह्या साली विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून मी खाडीवर जायला लागलो.

मी चौथी शिकलेला माणूस. छत्तीस वर्षं इथल्याच स्टीलच्या कारखान्यात ताटं-वाट्यांना बफिंग करून चकाकी दिली, सगळी वर्षं पहिल्या पाळीला. मला काम म्हटलं की सकाळचे सहा. तर रोज सहाला बांधावर हजर. नाक्यावर उतरायचो नाही, अलीकडेच रिक्षा सोडून गल्लीतून जायचो. टपरी दिसायला नको.

पहिल्या दिवसांत पाणी पार लांब गेलेलं असायचं. नुसता चिखल, आणि पाण्याच्या कडेला तीळ सांडल्यासारखे ठिपके. तेच पक्षी. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने त्यांचे पाय काय मोजणार? नंतर नंतर सहाला जावं तर पाणी रोज थोडं जवळ. आठवडा झाला आणि पाणी बांधाला टेकलेलं. चिखल गायब, पक्षी गायब. एक बगळा तेवढा. मी आपला आठपर्यंत उभा राहायचो, पाळी भरल्यासारखा, आणि घरी जायचो. बारा दिवस असे घातले. गेला म्हटलं. संपलं.

त्याच दिवशी परत येताना मेव्हणीने गाठलं. बायकोची धाकटी बहीण. तिला राईतच दिलेली, भाईंदरच्या बाजारात मासळी विकते. जीभ तिच्या कोयत्याइतकीच धारेची.

"भावजी, रोज सकाळी चोरावानी कुठं जाता?"

"खाडीवर. लंगड्या आला का बघायला."

"आनि कधी जाता?"

"सहाला. एक दिवस चुकवला नाही."

तिने टोपली खाली ठेवली आणि रस्त्यात उभी राहून हसली. "अवो, खाडीला तुमच्या कारखान्याचा भोंगा लागत न्हाय! घड्याळ बघून पक्षी दिसतात व्हय? तिथ बघायची. अवस-पुनवेला भरती दुपारी बाराला, पुढं रोज पाऊण तास उशिरा. पानी चढतं तसे पक्षी सरकत सरकत बांधाशी येतात. भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसायचं. ताईनं सांगितलं न्हाय तुम्हाला?"

सांगितलं असेल. मी कुठे ऐकत होतो.

"घट बसतात त्या दिवशी मी येते," म्हणाली. "नवरात्रात गिऱ्हाईक तसंबी निम्मं. दहाला या. सहाला न्हाय, दहाला."

घटस्थापनेला दहाला गेलो. मेव्हणी बांधावर छत्री उघडून बसलेली. उपास होता म्हणून डब्यात उकडलेली रताळी. आणि समोर, काय सांगू, मी बारा दिवस आंधळाच होतो. पाणी आत येत होतं आणि त्याच्या पुढे पुढे पक्षी. बारके उंदरासारखे पळणारे, लाल पायांचे, काळे-पांढरे, आणि मध्ये ते मोठे मातकट, विळ्याच्या चोचीचे. हाकेच्या अंतरावर. बाराच्या पुढे चिखल बुडाला तसे सगळे उडून जुन्या मिठागराच्या बांधावर बसले, आमच्यापासून एक होडीभर लांब.

मी उठूनच उभा राहिलो. "अगं, तो बघ! एक पाय! तोच!"

"बसा."

"तो बघ, त्याच्या शेजारचापण! तोपण लंगडा!" मग तिसरा दिसला. चौथा. मोठे मातकट सगळेच्या सगळे एका पायावर उभे. मला काही समजेना.

मेव्हणीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "भावजी, झोपलेत ते. झोपताना एक पाय पोटाशी घेतात. आता पानी उतरंपर्यंत थांबा. चालायला लागले की कळंल."

थांबलो. ऊन लागत होतं. तिने रताळं दिलं, ते हातातच धरून बसलो. मग मी तिला सगळं सांगितलं. टपरी, खारी, तीन दिवस. तिची बहीण होती, शिव्या घालेल असं वाटलं. तिने माझ्या चपलांकडे बघितलं.

"तरीच," म्हणाली. "ताई मला म्हणाली, हे खाडीवर गेले आनि चपलंला चिखल न्हाय. मी म्हटलं, धुतल्या असतील."

"मग तिला कळलं होतं?"

"ते मला काय म्हाईत? तीबी म्हणाली, धुतल्या असतील. पुढं काय बोलली न्हाय. आता समोर बघा. पानी उतरतंय."

दोन वाजून गेले होते. बांधाखाली चिखलाची पट्टी उघडी पडली. एकेका पक्ष्याने पोटाशी धरलेला पाय काढला, झटकला, आणि खाली उतरून चालायला लागला. एक उतरला, दोन पाय. दुसरा, दोन पाय. मी बोटांवर मोजत होतो. बाकी सगळे उतरले. शेवटी एकच वर राहिला. त्याने पंख उघडले, खाली टपकन उतरला, आणि उडी मारली. मग दुसरी. चिखलात चोच घातली, काहीतरी ओढून काढलं, गिळलं, आणि परत उडी.

"आला बाबा लंगड्या," मेव्हणी म्हणाली. अगदी तिच्या ताईसारखं.

मी खाली बसलो. छातीवर कोणी भरलेलं पिंप ठेवलं होतं ते उचलल्यासारखं झालं. रडलो का? रडलो. मेव्हणी तिकडे बघत रताळं सोलत राहिली. मग म्हणाली, "खोटं बोललात ते बोललातच. पन मानूस खोटं निघालं, खबर न्हाय. चला आता, ऊन लागंल."

येताना गल्लीतून नाही आलो. सरळ नाक्यावर आलो. मेव्हणी पुढे घरी गेली, मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. टपरीवाल्याने ओळखलं.

"अरे चाचा! पिछले साल तीन दिन लगातार बैठे, फिर गायब. चाची की तबीयत कैसी है?"

"गयी वो. जाडे में."

त्याने चहा गाळता गाळता हात थांबवला. मग न विचारता खारीची बशी पुढे ठेवली. माझ्या चपलांकडे त्याचं लक्ष गेलं. चिखल घोट्यापर्यंत वाळला होता.

"खाडी पे गये थे? क्या है उधर?"

"एक पक्षी देखने को."

"दिखा?"

"दिखा," मी म्हणालो, आणि खारी चहात बुडवली.