सहाव्या मजल्यावरचा ओटा

आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला लग्नकार्यात कुणी एकटं बसू देत नाही. "मग, तुमच्याकडं नवीन काय?" म्हणत खुर्च्या जवळ सरकतात. आणि जालन्यात उंच बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्यापासून तर विचारूच नका! पूर्वी आमच्याकडं लोक नकाशा घ्यायला यायचे, आता मत द्यायला येतात. ती मतं ऐकता ऐकता एवढे किस्से साठलेत, की कुठला आधी सांगू हाच प्रश्न पडतो.

मी साइट इंजिनिअर, मूळचा जाफराबादचा. ऑफिस रेवती मॅडमचं. मॅडम इथल्याच, पुण्यात शिकल्या आणि परत आल्या. बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हणाल्या की नाही. आणि आमचे बिल्डर म्हणजे तात्या. केदारखेड्याचे शेतकरी, आता शहरात अकरा मजली टॉवर बांधायला निघालेले. ह्या दोघांच्या मध्ये मी.

* * *

पहिला कच्चा नकाशा बघायला तात्या आले ते मोबाइलमध्ये दुबईच्या बिल्डिंगचा फोटो घेऊन. खालपासून वरपर्यंत नुसती काच!

"मॅडम, अशीच पायजे. बिलकुल अशीच."

"तात्या, आपल्या उन्हाळ्यात आत बसवणार नाही."

"एसी लावून राह्यलो ना आपण!"

"आणि लाइट गेल्यावर?"

तात्या हसले. एप्रिलचे दिवस, भर दुपार. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "चला, बाकीचं तुमच्या गाडीत बसून बोलू." तात्यांची मोठी गाडी सकाळपासून उन्हात उभी. मॅडमनी काचा उघडू दिल्या नाहीत, एसी लावू दिला नाही. मांडीवर नकाशा पसरला आणि शांतपणे एकेका खोलीचं माप समजावायला लागल्या. मी मागच्या सीटवर. माझा काय गुन्हा होता, मला अजून कळलेलं नाही!

बेडरूम संपून किचन यायच्या आत तात्या दार उघडून बाहेर. रुमालानं मान पुसत म्हणाले, "मॅडम, काच कॅन्सल!"

* * *

साइटसमोर चहाची टपरी आहे. तिथं काही रिटायर्ड मंडळी रोज बसून आमचे मजले मोजतात. एक दिवस वाद पेटला, की पार्किंगला मजला धरायचं का नाही? दोन पार्ट्या पडल्या, आवाज चढले. शेवटी मला साइटवरून बोलावून घेतलं.

मी म्हटलं, "आमचे तात्या तर धरतात बुवा. धरल्याशिवाय अकरा होत नाहीत."

कोपऱ्यातले एक बाबा बिडी विझवून म्हणाले, "बराबर हाय. मंग गावाकडचं माझं घर बी दुमजली. खाली म्हशी, वर आम्ही!"

* * *

काच गेली म्हणून तात्यांनी स्विमिंग पूलचा हट्ट धरला. "अहो, नळाला पाणी कधी येईल ह्याची वाट बघत बसणारं हे गाव, आणि पूल कसला बांधता?" मॅडम म्हणाल्या. तात्या ऐकेनात. बुकिंगच्या दिवशी हॉलमध्ये टॉवरचं मॉडेल मांडलं. शेजारी निळाशार पूल, भोवती छोटी छोटी हिरवी झाडं.

एक काकू नवऱ्यासोबत आल्या. लिफ्ट नाही, गॅलरी नाही, काही विचारलं नाही. थेट पूलवर वाकल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, टाकी बघा ना केवढी मोठी हाय!"

तात्या काही बोलणार, तेवढ्यात काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण अशी उघडी का ठेवली? डास होतील ना! जल्दी झाकण बसवून घ्या बरं."

त्यांच्यामागून आलेल्या दोघी-तिघींनी मान डोलावली. आता नकाशात पूलच्या जागी टाकी आहे. झाकणासकट!

* * *

आमच्या जाफराबादकडच्या एका काकांनी मुलासाठी सातव्या मजल्यावरचा फ्लॅट कागदावरच पसंत केला. सगळं बोलून झालं, उठता उठता विचारतात, "अन् माझी जमीन कोणती?"

मी समजावलं, की काका, खालची जमीन सगळ्या फ्लॅटवाल्यांची सामाईक असते. त्यात तुमचा हिस्सा.

"हिस्सा हाय ना? मंग दाखवा. खरेदी करून राह्यलो अन् जमिनीवर पाय न्हाई ठेवायचा?"

मला हसू फुटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. काकांना घेऊन प्लॉटवर गेल्या. काका सगळीकडून फिरले, गेटजवळच्या कोपऱ्यात थांबले आणि टाचेनं माती उकरून पाहिली. "हा कोपरा माझा धरा. हितं लिंबाचं झाड लावतो."

मॅडमनी तिथंच नकाशावर झाड काढलं. तात्या वैतागले, कारण त्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा बोर्ड यायचा होता. "अहो काका, तुम्ही सातव्या मजल्यावर राहणार. खालच्या झाडाला पाणी कोण घालील?"

काका म्हणाले, "वरून सोडतो ना!"

* * *

पण खरी लढाई झाली ती ओट्यावरून. मॅडमच्या नकाशात प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक मोकळी जागा आहे. बाहेरच्या अंगाला छातीएवढा कठडा, वारा खेळता, आणि चारही फ्लॅटची दारं तिच्याकडं तोंड करून. मॅडम तिला ओटा म्हणतात. सहावा मजला उभा राहिला आणि तात्यांची नजर तिथं गेली.

"पॅसेजच्या बाजूनं भिंत घालू अन् ही जागा शेजारच्या फ्लॅटला जोडू. एक खोली वाढती!"

"नाही."

"अहो मॅडम, टॉवरमध्ये कोण ओट्यावर बसतं? लोकाला प्रायव्हसी पायजे."

मॅडम एरवी घरचं काही बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. त्यांचे वडील संभाजीनगरला पाचव्या मजल्यावर एकटे राहायचे. ते गेले, आणि समोरच्या दारातल्या माणसाला कळलं ते दहाव्याच्या दिवशी, दाराबाहेर एवढ्या चपला कशाच्या म्हणून विचारल्यावर.

"चांगला माणूस होता तो, तात्या. रडला बिचारा. पण त्या दोघांना भेटायला जागाच नव्हती. दार उघडलं की लिफ्ट. तुम्ही म्हणाल तर मी वीस मजले काढून देते, पण ओट्याशिवाय एकही नाही. भिंत आली तर नकाशावरून माझं नाव काढा."

तात्यांनी नकाशाची गुंडाळी केली. पण शेवटी बिल्डर तो बिल्डर! निघताना म्हणाले, "अक्काला दाखवतो. अक्का म्हणंल तसं."

* * *

अक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, आष्टीला दिलेली. तात्यांच्या घरात विहिरीपासून सुनेपर्यंत काहीही अक्कांच्या शब्दाशिवाय होत नाही. आणि अक्का खोलीच्या बाजूनं बोलणार ह्याची तात्यांना एवढी खात्री, की त्यांनी विटा, सिमेंट आधीच सहाव्या मजल्यावर चढवून ठेवलेलं. मिस्त्रीनं भिंतीसाठी डोक्याच्या उंचीवर दोरीसुद्धा बांधली होती.

अक्का आल्या. लिफ्ट अजून बसलेली नव्हती, जिन्यानं दम खात चढल्या. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी, येताना बाजारात ताज्या दिसल्या म्हणून घेतलेल्या. फ्लॅटच्या सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. बाहेर आल्या, ओट्याच्या कडेला फतकल मारून बसल्या, म्हणाल्या, "हवा हाय बाई हितं," आणि मेथी निवडायला लागल्या.

जेवणाची सुट्टी झाली होती. साइटवर काम करणाऱ्या बाया एकेक करून येऊन टेकल्या. कुणी न सांगता जुड्या सुटल्या. एकीचं माहेर केदारखेड्याच्या शेजारचं निघालं. मग काय! कुणाची आत्या कुणाच्या जावेची मावशी, नाती जुळत गेली. मॅडम कठड्यापाशी उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. तात्या दोनदा खाली जाऊन वर आले.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "अक्का, ऊठ आता. हितं भिंत घालायची हाय."

अक्कांनी मान वर केली नाही. "घाल की."

मॅडमचा चेहरा उतरला. तात्यांनी मिस्त्रीला खूण केली.

तेव्हा अक्कांनी हातातली काडी खाली टाकली आणि तळहात जमिनीपासून गुडघ्याएवढा वर धरला. "हितवर घाल. बसायला."

मिस्त्रीनं तात्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं दोरी सोडली आणि खाली बांधली.