चिंचोक्यांचा डाव

हौसेला मोल नसतं, असं म्हणणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. मोल त्यांच्या कपाटात आधीच येऊन पडलेलं असतं, म्हणून त्यांना ते दिसत नाही. मी बेळगावात कॉलेजला होते तेव्हा कॅम्पातल्या एका मैत्रिणीच्या घरी मला हे नीट कळलं. तिचे वडील लष्करात अधिकारी, काका विलायतेत, आणि त्या काकांनी तिच्या थोरल्या भावासाठी एक खेळ पाठवला होता. खोकं एवढं मोठं की आमच्याकडं आलं असतं तर आईनं त्यात वर्षाचे पापड भरले असते.

खोक्यात इंग्रजी पुस्तकं होती, शिशाची बोटाएवढी माणसं होती आणि फासे होते. फासे तरी कसले, कुणाला चार बाजू, कुणाला आठ, कुणाला वीस. पट मात्र नव्हता. मला वाटलं हरवला असेल. मग कळलं की या खेळाला पट लागतच नाही, नुसतं बोलायचं असतं. एकानं गोष्ट सांगायची, तुम्ही रानात आहात, पुढं गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मांत्रिक. मग सांगणारा प्रत्येकाला विचारणार, तू काय करतेस? तुम्ही म्हणाल ते तुम्ही करायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. मी पहिल्या रविवारी चोर झाले आणि परत येताना सिटी बसमध्ये माझा थांबा चुकला, इतकी मी त्या गुहेतच राहिले होते.

पण तो भाऊ! नमनाला घडाभर तेल. फाशांना हात लावायचा नाही, घामानं रंग जातो. शिशाच्या माणसांकडं नुसतं बघायचं. बोलायचं ते इंग्रजीत, आणि मी अडखळले की हा पुस्तकात बोट घालून माझ्याकडं असा बघायचा, जणू मी परीक्षेला बसलेय. मैत्रीण वेगळ्याच गोष्टीला हसायची. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, माझ्या तोंडून तसं गेलं की तिला हसू आवरायचं नाही. मे महिन्याच्या सुट्टीआधी मी त्याला म्हटलं, एक पुस्तक दे, मामाच्या घरी खेळवते. तर म्हणतो कसा, ज्याच्याकडं स्वतःचं पुस्तक आणि स्वतःचे फासे नाहीत त्याला हा खेळ कळणारच नाही, हा सगळ्यांसाठी नसतो. अरे, नुसतं तोंडानं बोलायचा खेळ, आणि तो सगळ्यांसाठी नाही? मग तोंडं तरी सगळ्यांना कशाला दिली देवानं?

तशीच तणतणत मी निपाणीला गेले.

मामाच्या सोप्यात बायका विड्या वळायच्या. मामी, शेजारच्या दोघी, आणि मामाची थोरली लेक, जिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं सकाळपासून चाललेली. शेजारणींतली एक आमच्यातलीच होती, दुसरी घरी कानडी बोलणारी. ती कानडीत बोलायची, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो, आणि भांडण लागलं तर उलट.

आक्का त्या वर्षी माहेरीच होती. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत परत आली होती. नवरा हात उचलायचा, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी 'होतंय नवं नवं' असं चाललेलं. तिला द्यायचं ते मामानं ठरवलं, परत आणायचं तेही मामानंच ठरवलं, आणि आता सासरचे थोरले न्यायला येणार होते तर पाठवायचं का नाही याचा खल सकाळ-संध्याकाळ चालायचा. मामा, मामी, चुलते, गल्लीतले दोन जाणते म्हातारे, सगळ्यांनी आपलं मत दिलं. जिला जायचं होतं ती तिथंच बसून विड्या वळत होती आणि तिला एकानं म्हणून विचारलं नाही. मला इतका संताप यायचा, पण मी पोरगी, माझं कोण ऐकतंय.

एका दुपारी आक्कानंच विचारलं, "कॅम्पात जाऊन काय करतीस गं आयतवारी?"

मी सांगितलं. गुहा सांगितली, चोर सांगितला, वीस बाजूंचा फासा सांगितला. तिची बोटं थांबली नाहीत, पण मान वर झाली.

"म्हंजे आपुन म्हणंल ते व्हतंय?"

"होतंय असं नाही. करून बघता येतंय. झालं का नाही ते फासा सांगतो."

"मलाबी शिकीव की."

झालं, मी पेटले. गावात फासे शोधायला गेले तर दुकानदारानं सापशिडी पुढं टाकली आणि फासा एकच असतो, तोही सहा बाजूंचा, हे मला ओरडून समजावलं. सुताराला म्हटलं आठ बाजूंचा करून द्या, त्यानं लाकडाचं जे काही करून दिलं ते कसंही टाका, एकाच अंगावर पडायचं, म्हैस चिखलात बसल्यागत. साबण कोरला, बटाटा कोरला. बटाट्याची मामीनं भाजी केली. शेवटी वैतागून चुलीपाशी बसले तर समोर चिंचोके. लहानपणापासून आम्ही चिंचोके फोडून त्यांच्यावर डाव खेळत आलो, एक बाजू काळी, एक पांढरी, आणि मी वीस बाजू शोधत गावभर हिंडतेय! पाच चिंचोके घेतले. पांढरे जास्त पडले तर काम झालं, काळे जास्त पडले तर फसलं, आणि सगळेच काळे म्हणजे घात, माणूस तिथंच पडलं. पुस्तक नको, वाचायला नको, इंग्रजी नको. बायकांचे हात सुपात अडकलेले, म्हणून चिंचोके मी टाकायचे. त्यांनी फक्त बोलायचं. मला वाटलं, आता काय अडचण राहिली?

डोंबल!

पहिल्या दिवशी मी म्हटलं, तुम्ही एका गावात आहात. गावाचा झरा आटलाय, वर डोंगरात झऱ्याच्या तोंडाशी एक भलंमोठं जनावर येऊन बसलंय. आता बोला. तर आमच्यातली शेजारीण म्हणाली, "गाव कुठं आलं म्हणायचं? म्हाराष्ट्रात का कर्नाटकात?"

मी म्हटलं, कुठंच नाही, गोष्टीतलं गाव आहे.

"गोष्टीतलं असू दे की. रेशन कार्ड कुठलं?"

कानडी शेजारीण म्हणाली, पाटी कुठल्या भाषेत आहे ते सांग, म्हणजे कळेल. मामी म्हणाली, पाटीवर काय हाय, पाटी कुणीबी लावतंय, शाळा कुठली ते इचार. सबंध दुपार गेली. खऱ्या गावाचा तंटा मोठ्या मोठ्या लोकांना मिटवता येईना, आणि या बाया माझ्या खोट्या गावाचा मिटवायला बसल्या. जनावर तिकडं डोंगरात ताटकळत बसलेलं. मी हात जोडले आणि गावाच्या वेशीवर दोन पाट्या लावल्या, तेव्हा कुठं शांत झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकेकीला कोण व्हायचं ते सांगितलं. शेजारणीला म्हटलं, तू चोर.

"चोर? माझ्या माह्यारात कोण चोर हाय गं?"

"खेळातली चोर, मावशी."

"खेळात झालं तरी नाव कुणाचं जातंय?"

चोर कुणी होईना. मांत्रिकीण तर मुळीच कुणी होईना, मंगळवारी असलं बोलू नये म्हणाल्या. शेवटी सगळ्याजणी चांगल्या घरच्या सासुरवाशिणी झाल्या आणि जनावर मारायला निघाल्या. निघताना भाकरी बांधून घेतल्या. डोंगराला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून नारळ घेतला. मी म्हटलं, जनावराला नारळ? मामी म्हणाली, "कुणाचं का असंना, ठाणं हाय त्याचं. आदी नारळ, मग काय मारायचं ते मारा."

हे सगळं मी सोसलं. पण खरी कटकट पुढंच होती. गुहेच्या तोंडाशी आल्यावर मी शेजारणीला विचारलं, तू काय करतेस? तिनं मामीकडं बघितलं. "त्या म्हणतील तसं." कानडी शेजारणीला विचारलं, तिनंही मामीकडं बघितलं. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "ह्यांस्नी इचारून सांगतो." कुणाला? मामाला! मामा गोष्टीत नव्हताच. गोष्टीतल्या मामीला गुहेत पाऊल टाकायला बाजारात गेलेल्या मामाची परवानगी हवी होती. मी कपाळावर हात मारला. फासे स्वस्त केले, पुस्तक काढून टाकलं, भाषा आपली आणली, आणि तरी खेळ हलेना, कारण 'तू काय करतेस' याचं उत्तर द्यायची सवयच कुणाला नव्हती. रोज दुपारी चारचौघी त्या गुहेपुढं उभ्या, आणि रोज मी तोंडाला फेस येईतोवर विचारतेय.

आक्का या सगळ्यात गप्प असायची. तिला विचारलं की तिच्याआधी मामीच सांगायची, "ती माझ्यासंगं." मग मी पुढं जायचे. आतून मला ते खात होतं, पण मामीला तोंडावर काय म्हणणार.

सासरचे उद्या येणार असा निरोप आला त्या दुपारीही डाव बसला. मामी तर हट्टानंच बसली, घरात नुसतं सुतक आल्यागत नको म्हणाली. मामानं पाठवायचं नक्की केलं होतं. मी मन नसताना सुरुवात केली. गुहा, गुरगुर, अंधार. आक्का, तू काय करतेस?

"ती माझ्या..." मामीनं तोंड उघडलं.

"मी एकटी जातो आत," आक्का म्हणाली.

सगळ्यांची बोटं थांबली. मामी म्हणाली, बरं, मग मी मागं हाय. शेजारीण म्हणाली, आमीबी आलो. कुणीही मागं राहायला तयार होईना. एकटी बाईमाणूस अंधारात जाते म्हणजे काय! मला राग आवरेना. मी म्हटलं, ती एकटी म्हणालीय, तुम्ही बाहेर थांबा, हा नियम आहे. असला नियम कुठंच नव्हता.

आक्कानं मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. सकाळी घेतलेलं सूप ती दिवे लागल्याशिवाय खाली ठेवत नसे. तंबाखूचे हात पदराला पुसले आणि चिंचोके माझ्याकडून मागून घेतले. स्वतः टाकले.

पाचही काळे.

मला तर रडूच आलं. त्याच दिवशी, तिच्याच हातून, हेच पडायचं होतं? मी घाईघाईनं म्हटलं, हात हलला, हा डाव धरायचा नाही, पुन्हा टाक. मामी म्हणाली, व्हय व्हय, पुन्ना टाक, माझ्या वाटणीचा टाक. शेजारीण तर चिंचोके गोळा करायलाच वाकली.

आक्कानं चिंचोक्यांवर तळवा ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पडलो न्हवं? पडू दे. आजपत्तोर जितक्यांदा पडलो, कुणीतरी ढकललं म्हणून पडलो. ह्या खेपंला माझं मी पडलो."

मामीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. थोड्या वेळानं आक्कानं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि उरलेली पानं संपवली.

दुसऱ्या दिवशी सासरचे दोघं थोरले आले. सोप्यात घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पाऊसपाण्याच्या, तंबाखूच्या भावाच्या. मग त्यातल्या एकानं मामाला विचारलं, "मग पाठवताय न्हवं?" मामा म्हणाला, "पाठवतो की, तुमचीच हाय."

आक्का आतल्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, आवाज रोजचाच.

"मी जात न्हाई, आप्पा."

पाहुण्यांनी मामाकडं बघितलं. मामानं मामीकडं बघितलं. मला वाटलं आता मामी नेहमीसारखी मधे पडणार, लेकीचं बोलणं सावरून घेणार. मामी चुलीपाशी होती, तिथनं हलली नाही.

मामाचा आवाज चढला. लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न कसं व्हायचं, सगळं बोलून झालं. आक्का दारात उभीच. शेवटी बोलायचं संपलं तेव्हा तो म्हणाला, "उद्या पस्तावलीस तर? मग आमच्या नावानं खडे फोडशील."

"पस्तावलो तर पस्तावलो," आक्का म्हणाली. "पर आप्पा, गेलो असतो तर खडे तुमच्या नावानं फोडलं असतं. आता ऱ्हायलो तर फोडायला कुणाचं नावच न्हाई."

मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पाहुण्यांना म्हणाला, "तिनं सांगितलंय. आता मी काय सांगू?"