चिल्ड्रन्स बेडरूममधला ट्रॅक

आमच्या बिल्डरला मी जन्मात माफ करणार नाही. गळक्या टाकीबद्दल नाही, मधेच अडकणाऱ्या लिफ्टबद्दल नाही, एकच पार्किंग दोघांना विकल्याबद्दल तर नाहीच. ते सगळं पुण्यात फ्लॅट घेताना धरूनच चालायचं असतं. माझा राग वेगळा आहे. त्याच्या गुळगुळीत रंगीत नकाशात हॉल, किचन, मास्टर बेडरूम असं छापता छापता त्यानं शेवटच्या लहान खोलीवर ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ असं छापलं होतं. विचारलं होतं का कुणी त्याला? खोलीला खोली म्हणावं आणि गप्प बसावं. पण नाही.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. खराडीत तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत माझं ऑफिस होतं आणि पलीकडच्या गल्लीत नवऱ्याचं. बँका कर्ज हातात कोंबत होत्या, सगळेच घेत होते, आम्हीही फ्लॅट घेतला. सासरे गेल्यावर सासूबाई अमरावतीहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. आणि त्या लहान खोलीत काहीही ठेवायचं नाही, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं. मी इस्त्रीचं टेबल नेऊन ठेवलं, तर नवरा म्हणाला, “तिथं नको गं, उद्या हलवावं लागेल.”

तो उद्या काही आला नाही. उपचार झाले, इंजेक्शनं झाली, एकदा आशा लागली आणि तीही गेली. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, “आता पुरे करा, शरीराचे किती हाल करणार?” आम्ही पुरे केलं. रडून झालं, भांडून झालं, मी ऑफिसला जायला लागले. खोलीला मात्र कुणी काही सांगितलं नाही. ती तशीच झाडून-पुसून, पडदे लावून ठेवलेली. घर बघायला येणारा प्रत्येक पाहुणा त्या दारात थांबायचा, “ही मोकळीच आहे का?” असं विचारायचा आणि हळूच माझ्या पोटाकडे बघायचा. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. वर त्यांना चहा करून द्यायचा.

एकदा मी नवऱ्याला म्हणाले, “त्या खोलीत मी काहीतरी करणार आहे. माझं असं.” तो म्हणाला, “कर ना, पण आईला वाईट वाटेल.” नंतर जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा हेच. आईला वाईट वाटेल! जसं काही मला चांगलंच वाटत होतं.

मला काय करायचं होतं ते माझं पक्कं होतं. मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. माझ्या चुलतभावाला कुणीतरी परदेशातून गाड्यांच्या शर्यतीचा सेट आणून दिला होता. ट्रॅकमध्ये खाच, खाचेत गाडीची खुंटी, बाजूला विजेच्या पट्ट्या. हातातला खटका दाबला की गाडी सुसाट. खटका मुलांच्या हातात. आम्हा मुलींचं काम एकच, वळणावर उडालेली गाडी पलंगाखालून काढून आणून द्यायची. एकदा मी खटका मागितला, तर काकू म्हणाली, “तुला काय करायचंय त्यात?” काय करायचंय म्हणजे? पळवायचीय! दुसरं काय करतात गाडीचं?

तर मी ठरवलं, ट्रॅक करायचा. विकत आणून जोडायचा प्लॅस्टिकचा नाही, लाकडात शेजारी-शेजारी दोन गाड्यांच्या दोन खाचा पाडून स्वतः घडवलेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. इंटरनेटवर जगभरचे लोक तसे करत होते, रात्रंदिवस फोटो टाकत होते. मी टिंबर मार्केटमध्ये एमडीएफचे तक्ते घ्यायला गेले. दुकानदार माझ्या मागं कुणी पुरुषमाणूस येतोय का ते बघत बसला. कुणी येईना तेव्हा म्हणाला, “कपाट करायचंय का?”

“नाही, रस्ता करायचाय.”

“मग महापालिकेत जा,” तो म्हणाला. तक्ते मात्र चांगले दिले.

त्यानंतर सगळ्या रविवारांचं वाटोळं झालं. राउटर म्हणजे इंटरनेटचा डबा नव्हे. लाकडात खाच पाडणारं, दोन्ही हातांनी दाबून धरायचं दणकट यंत्र. ते हातातून सुटायला बघतं. सरळ रस्ता सोपा, वळणात खरी परीक्षा. भिंतीवरून वायर न्यायला इलेक्ट्रिशियन जी प्लॅस्टिकची पट्टी ठोकतात, ती मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणली, तक्त्यावर हवी तशी वाकवून खिळ्यांनी बसवली आणि तिच्या कडेकडेनं राउटर फिरवला. पहिलं वळण इतकं आवळलं गेलं की लाकूड जळाल्याचा वास सुटला. तो तक्ता गेला. दुसऱ्यावर हात बसला. पिठासारखा बारीक भुसा घरभर, नाकात, केसांत, सासूबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली: ‘सदनिकेत सुतारकाम करू नये. ही सोसायटी आहे, वखार नाही. समजणाऱ्यास समजले असेलच.’ समजलं. मी दारं-खिडक्या लावून काम चालू ठेवलं आणि घामानं चिंब झाले.

मग रंग. वरून दोन हात दिले, खाचेच्या आतल्या कडा मात्र तशाच कोऱ्या ठेवल्या, कारण आत रंग साचला की खुंटी अडकते. मग प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पातळ चिकटपट्टी. ती बोटानं दाबत दाबत, सुरकुती न पडू देता, सबंध ट्रॅकभर फिरवायची. कंबरेचा काटा ढिला झाला. अमेरिकेला जाऊन आलेल्या एका सहकाऱ्यानं दोन गाड्या आणून दिल्या होत्या. त्यातली लाल मी खाचेत ठेवली, खटका दाबला, आणि ती निघाली! मी एकटीच त्या खोलीत उभी राहून किंचाळले. पहिल्याच वळणावर ती उडाली आणि मी स्वतःच तिला उचलून आणलं. त्यात इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, “कुठं जातात वं ह्या गाड्या?”

“कुठं नाही आई, गोल फिरतात.”

“मंग बरं हाये,” म्हणाल्या आणि गेल्या. मला तो टोमणाच वाटला. ह्यांना वाईट वाटतंय, नवरा सांगत होता तेच खरं, असं मी मनात म्हणाले आणि दात-ओठ खाल्ले.

नवरा तर त्याहून वरचढ. कुणी विचारलं तर हसून सांगायचा, “तात्पुरतं आहे, तिचा वेळ जातो.” माझा वेळ जातो! आठवडाभर ह्याच्याइतकीच मान मोडून मी काम करते, लोनचा अर्धा हप्ता भरते, आणि माझा वेळ जातो म्हणे! मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “तू क्रिकेट बघतोस तेव्हा कुणाचा वेळ जातो?” पाहुण्यांनी चिवड्यात तोंडं घातली.

भाद्रपद आला. सासूबाईंच्या महालक्ष्म्या म्हणजे मोठं प्रकरण; त्यांच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. हॉलमध्ये मांडायच्या हे मी आधीच बजावून ठेवलं होतं, आणि सासूबाईही “हॉलच बरा” म्हणाल्या होत्या. त्याच्या आदल्या रविवारी मी ऑफिसातल्या चौघांना शर्यतीसाठी बोलावलं होतं. माझी पहिली शर्यत. शनिवारी मी गाड्यांची चाकं साफ केली, खटके तपासले आणि दुपारी फराळाचं सामान आणायला बाहेर पडले.

परत आले तर खोलीचं दार सताड उघडं. आत सासूबाई, पदर खोचलेला, हातात चिंचेचा कोळ. ट्रॅक लखलखत होता. सगळं तांबं नव्या नवरीसारखं झळकत होतं.

सणाला घरातलं तांबं-पितळ काढायचं, चिंच-मीठ लावून घासायचं, पाण्यानं खळखळून धुवायचं, हे त्यांच्या हाडामासात मुरलेलं. कळशी झाली, घंगाळ झालं, समया झाल्या, ताम्हण झालं. मग आठवलं की ह्या घरात आणखी एके ठिकाणी तांबं आहे, आणि ते काळं पडलंय. त्यांनी सबंध ट्रॅकला चिंच-मीठ चोळलं, आणि धुवायला नेता येईना म्हणून जागेवरच तांब्या-तांब्यानं पाणी ओतून पुसून घेतलं.

एमडीएफ म्हणजे भुशाचा लगदा दाबून केलेला तक्ता. त्याला पाणी लागलं की संपलं. रंगवलेल्या भागावरून पाणी ओघळलं आणि सगळं खाचेत उतरलं, जिथं रंग नव्हता. कडा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या होत्या. मी गाडी ठेवून बघितली. खुंटी आतच जाईना. वळणावर तर खाच मिटूनच गेली होती. पट्ट्या सुटून वर आल्या होत्या, त्यांच्याखाली चिंचेचे दोरे.

“काय केलंत हे!” मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातलं भांडं पडलं. “कुणी सांगितलं होतं? कशाला हात लावलात? इतके महिने मी इथं मरमर मरतेय, आणि तुम्ही... तुम्हाला नकोच होतं ना हे? मग सरळ सांगायचं होतं तोंडावर!”

“काहून वं बाई?” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तुये लोकं येनार उद्या. तुयं काम पाहायले येनार. थे काळं काळं दिसत होतं, मले वाटलं उजळून द्यावं.”

हे ऐकून मी आणखीनच भडकले. मुद्दाम केलं असतं तर मला कडाकडा भांडता आलं असतं. आता काय करू? डोकं फोडून घेऊ?

आरडाओरडा ऐकून नवरा आला. त्यानं तक्त्यावरून बोट फिरवलं, फुगवटा चाचपला. आणि मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याचे खांदे सैल झाले. त्याला हायसं वाटलं होतं.

“जाऊ दे आता,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. “झालं ते झालं. महालक्ष्म्यांच्या आधी हे उचलून टाकू. खोली तरी मोकळी होईल.”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या.

“कोनासाठी रे?”

“काय कोणासाठी?”

“खोली. कोनासाठी मोकळी करून रायला?”

तो सुटलेली तांब्याची पट्टी बोटानं परत दाबून बसवायला लागला.

“मी तं कदी मागितली नाई,” त्या म्हणाल्या. “तूच मले सांगतलं, आई, त्या खोलीत जाऊ नोको, काई ठेवू नोको, तिले वाईट वाटते. म्हनून मी उंबऱ्यातून पाहत होती इतके दिवस. आज पयल्यांदा आत आली.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मला सांगायचं आईला वाईट वाटेल, आणि आईला सांगायचं हिला वाईट वाटतं! दोघींच्या तोंडाला कुलूप लावून हा आपला खोली राखत बसला होता. कशासाठी? पडद्यांसाठी? मी त्याच्याकडे वळले. एरवी मी काहीही बोलले की त्याच्याकडे उत्तर तयार असतं. आज तो भिंतीला टेकून उभा होता आणि पडद्याची कड मुठीत चुरगळत होता.

“मला नाही जमत गं,” तो म्हणाला. “एकदा भरली की मग... मग झालंच ना.”

मला त्याची दया यायला हवी होती. ती आली, पण पुष्कळ नंतर. त्या क्षणी मला फक्त राग आला, इतक्या वर्षांचा, नकाशापासूनचा, पाहुण्यांच्या नजरांपासूनचा, सगळा एकदम.

“ती मोकळी नाहीये!” मी ओरडले. सेक्रेटरींनी ऐकलं असेल, सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं असेल, खुशाल ऐकू दे. “त्या खोलीत मी आहे. मी! मी मोजण्यातच नाही का तुझ्या?”

सासूबाईंनी चिंचेचे हात पदराला पुसले आणि त्या मुलाकडे बघत राहिल्या. त्याही त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.